मालकाचा बर्फ

पगारावर आइस हॉकी खेळणारे पहिलेवहिले गडी कॅनडात निघाले, त्यातलाच एक आर्सेन. त्याच्या संघाचा मालक गॅलब्रेथ, खाणवाला आणि भलताच तोऱ्याचा. जखमी गोलकीपरला आज बसू द्या, एवढंच आर्सेन म्हणाला, तर हा गृहस्थ भर मॅचमध्ये तावातावाने बर्फावर उतरला. मधोमध येताच त्याचे चकचकीत बूट घसरले. आर्सेनने सर्रकन जाऊन त्याला दंडाला धरून सावरलं.

"बर्फ माझा आहे. आत्ताच्या आत्ता चालता हो," गॅलब्रेथ लटपटत गरजला.

"निघतो, साहेब," आर्सेन म्हणाला. "हात सोडू का?"

गॅलब्रेथने लांबच्या काठाकडे पाहिलं आणि आर्सेनचा हात घट्ट धरला.

"मला काठाशी ने," तो पुटपुटला. "आणि त्या गोलकीपरलाही घे बरोबर, बसू दे त्याला आज."