न पाहिलेला खोपा

"ताई, त्याचा खोपा ओढून पाहिलास का?" या प्रश्नाचे उत्तर धाकट्याला कधीच मिळाले नाही. ताई चोचीत नाकतोडा धरून उडून गेली.

मुलांनो, नदीकाठच्या एका जंगलात, पाण्यावर वाकलेल्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. त्यांची एक रीत होती. नराने खोपा विणायचा, मादीने तो चोचीने ओढून पाहायचा. टिकला तरच सोयरीक. धाकट्याची ताई या पारखीत मोठी वस्ताद. धाकटा हौसेने खोपा विणी, ती एक झटका देई आणि सगळे गवत पाण्यात! "हा खोपा की कावळ्याचं अंथरूण?" ती हसे. "उतावळ्या, आधी गाठ मार, मग मिरव!" तो चिडून तिची शेपटी ओढी आणि मग दोघे त्याच फांदीवर झोके घेत बसत. काय दिवस होते ते!

एकदा पलीकडच्या काठावरून, करवंदीच्या जाळीतून, सुगरण नराची वाटावी अशी गोड शीळ आली. "तुझ्यासारखी दुसरी नाही गं! मीच आलो असतो, पण पंख दुखावलाय. कुणाला सांगू नकोस हं." ताई भुलली. वरच्या फांदीवरून धाकट्याने सारे ऐकले आणि तिला खोप्याबद्दल विचारलेही. रोज नाकतोडे पकडून जाळीपाशी ठेवू लागली आणि स्वतः उपाशी राहू लागली. शेवटी सोसाट्याचा वारा सुटलेला असताना आवाज म्हणाला, "आज आली नाहीस तर मी जगणार नाही!" ताई निघाली. अशक्त पंखांना वारा पेलवला नाही. चोचीतल्या नाकतोड्यासकट ती नदीत पडून बुडाली.

धाकटा तडक जाळीत घुसला. आत एक धडधाकट कोतवाल पक्षी नाकतोडे खात बसला होता. दुसऱ्यांचे आवाज काढण्यात तो पटाईत. "मी फक्त शीळ घातली," तो म्हणाला. "आली ती आपल्या पंखांनी." धाकटा त्याच्यावर तुटून पडला, पण चार पिसे गमावून परतला.

पुढे तीच शीळ ताईच्या मैत्रिणीला आली. ती नाकतोडा घेऊन निघालीच होती. "थांब!" धाकटा ओरडला. "ताईलाही हेच सांगितलं होतं, शब्दन् शब्द!" मैत्रीण थबकली. नाकतोडा खाली ठेवून तिने हाक दिली, "अहो, पंख दुखतोय ना? मग उड्या मारत या, तोंड तरी दाखवा!" जाळी चिडीचूप झाली. कोतवाल पुन्हा तिथे दिसला नाही.

मग धाकट्याने ताईच्या फांदीवर खोपा विणला. ती द्यायची तसे झटके स्वतःच दिले. या वेळी गाठ सुटली नाही. हसायला मात्र कुणी नव्हते. त्याने एक टपोरा नाकतोडा पकडून आणला आणि खोप्याच्या दाराशी ठेवला, ताईसाठी.

तात्पर्य : गोड आवाज जाळीतून येवो की मोबाइलमधून, जो समोर येत नाही, घरच्यांपासून लपवायला सांगतो आणि सारखे मागतच राहतो, त्याला आपल्या तोंडचा घास देऊ नये.