टेकडीमागची मंडई

नगराध्यक्ष दिगंबररावांनी गावातल्या शेतकऱ्यांसाठी टेकडीमागे झकास मंडई बांधली आणि चौकातला भाजीबाजार उठवायचा हुकूम काढला. चौकात अंबाडीची भाजी विकणाऱ्या हौसाबाईला प्रश्न पडला. एवढ्या लांब तिची अंबाडी घ्यायला कोण येणार?

तिनं पालिकेत जाऊन तसं विचारलं, तर दिगंबरराव साहेब हसले. "मावशी, गरज असली की लोक टेकडीही चढतात. चालणं तब्येतीला बरं!"

"खरंय, साहेब," हौसाबाई म्हणाली. "मग मतदानाची पेटीही तिकडंच ठेवायला सांगा. अंबाडीसाठी टेकडी चढणारे तुमच्यासाठी तर पळतच येतील!"

साहेबांचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला.

पुढच्या बाजाराला हौसाबाई चौकातच बसली होती, डोक्यावर पालिकेचं नवं छप्पर घेऊन. टेकडीमागच्या मंडईत साहेब आता रोज एकटेच चालायला जातात. तब्येतीला बरं असतं.