गोदूबाईचं रक्त

एका तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात हणमंत नावाचा एक रक्त काढणारा होता. हात इतका हलका, की सुई कधी टोचली ते कळायचंसुद्धा नाही. आपल्या हातून चूक होत नाही, याचा त्याला भारी तोरा.

तिथे टिपणीस मॅडम गाठींच्या कॅन्सरवर संशोधन करत. या गाठींमधून डीएनएचे बारीक तुकडे रक्तात उतरतात. ते वाचले, की गाठ न कापताही तिचा स्वभाव कळतो. अट एकच, रक्त दोन तासांत यंत्रात फिरवून त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या. उशीर झाला तर चांगल्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीची खूण बुडून जाते. म्हणून प्रत्येक नळीवर रक्त काढल्याची वेळ लिहायची.

एकदा गोदूबाई कासारीण आली. जन्मभर तिने बायकांना बांगड्या भरल्या होत्या. हणमंताने दंडाला पट्टा बांधला, तशी ती हसली. "हात सैल सोड, असं मी लोकांना सांगायची. आता माझी पाळी." मग हळूच म्हणाली, "थोरली बहीण याच दुखण्यानं गेली. मला गुण येवो न येवो, माझ्या रक्तानं पुढच्या बाईचं भलं होतंय का बघा." दुसऱ्या दिवशी तिचं औषध सुरू व्हायचं होतं. औषधाआधीचं रक्त पुन्हा मिळत नाही.

नेमका त्या दिवशी एका सोबत्याचा निरोपसमारंभ. भाषणं, सामोसे, हारतुरे. हणमंत रमला तो रमलाच. परतला तेव्हा चार वाजले होते आणि अकराला काढलेलं रक्त तसंच पडून होतं. 

गोदूबाई दोन जिने खाली, वॉर्डातच होती. जाऊन एवढंच म्हणायचं होतं, "मावशी, माझी चूक झाली, पुन्हा हात द्या." पण त्याला ते दोन जिने उतरवेनात. त्याने नवी चिठ्ठी लावली, अकराच्या जागी तीन लिहिले आणि नळी यंत्रात घातली.

मॅडमनी ते रक्त तीनतीनदा वाचलं. एवढा आजार आणि रक्तात खूण कशी नाही, म्हणून महिनाभर डोकं धरून बसल्या. हणमंताने मिठाची गुळणी धरली.

औषध लागू पडलं नाही. पाचव्या महिन्यात गोदूबाई गेली. हणमंताला दोन दिवस घास उतरला नाही.

पंधरवड्याने तिची लेक दवाखान्यात आली. कागदात गुंडाळलेल्या डझनभर बांगड्या तिने हणमंताच्या टेबलावर ठेवल्या. "आईनं दिल्यात, तुमच्या घरच्यांसाठी. त्या सुईवाल्याचा हात हलका आहे म्हणायची. दादा, तिच्या रक्ताचा उपयोग झाला ना?"

हणमंताला रडू फुटलं. त्याने सगळं सांगून टाकलं.

 लेक म्हणाली, "आई खालीच तर होती, दादा. मागायचं होतंत. तिनं दुसरा हात पुढं केला असता."

ती गेल्यावर हणमंत मॅडमकडे गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि संशोधनाच्या यादीतलं गोदूबाईचं नाव खोडलं.

तात्पर्य: झालेली चूक लाजेपोटी झाकू नये. वेळ असते तोवर ती निस्तरता येते. नंतर नुसतं रडणं हाती उरतं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला त्या रडण्याचा काही उपयोग नसतो.