दोष काढलेली गवळण

एका गावात एक भोळा पेटीवाला होता. नाव सुबराव. सांगाल ते करायचा, आणि सांगाल तेवढंच करायचा.

त्याच गावात केरबाबुवा भजनं गायचे. बुवांच्या घशात गाठ निघाली. सोमवारी मिरजेला ऑपरेशन ठरलं. नंतर गाता येईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले. बुवांची एकच इच्छा होती. आपली गवळण गावाजवळ राहावी. ती रेकॉर्ड करायचं काम सुबरावकडे आलं, कारण नवा मोबाईल त्याच्याकडे होता. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक अ‍ॅप होतं. घरात गायलेल्या गाण्यातले दोष ते सांगायचं आणि गाणं स्टुडिओतल्यासारखं करून द्यायचं.

बुवा घरात गायले. अ‍ॅप म्हणालं, "पंख्याचा आवाज येतोय. पंखा बंद करून रेकॉर्ड करा."

दुसऱ्या दिवशी फार उकडत होतं, म्हणून बुवा चिंचेखाली बसले. सुबराव धावत बुवांच्या घरी गेला आणि पंखा बंद करून आला. पंख्याखाली बुवांच्या बायकोचा, हौसाकाकींचा, नुकता डोळा लागला होता.

बुवा गायले. अ‍ॅप म्हणालं, "कावळे ऐकू येतात. दारं-खिडक्या लावून रेकॉर्ड करा."

सुबराव पुन्हा धावला. घराच्या खिडक्या लावल्या, दाराला बाहेरून कडी घातली आणि चिंचेखाली परतला.

"अरे, कावळे इथं आहेत," बुवा म्हणाले.

"पण दारं तिथं आहेत, बुवा."

काकी आतून दार बडवत होत्या. बुवांनी जाऊन सोडवलं. मग काकींनी दोघांनाही खोलीत घेतलं आणि दार लावलं. "तुम्ही गा. आणि मुडद्या, तू गप बस."

बुवा असे गायले की काकी पदरानं डोळे पुसत राहिल्या. अ‍ॅप म्हणालं, "गायकाचे श्वास ऐकू येतात. नसलेले बरे."

"बुवा, पुन्हा गा. श्वास न घेता."

"मग गाऊ कसा रे?"

"ते त्यानं सांगितलं नाही."

बुवांनी करून पाहिलं. दुसऱ्याच ओळीला त्यांचे डोळे पांढरे झाले. दोघांनी त्यांना उचलून ओसरीवर आणलं.

"मघाचंच राहू दे!" काकी ओरडल्या. "सोन्यासारखं झालंय. तुला कान नाहीत?"

"मला काय कळतंय, काकी? त्याला कळतंय."

मोबाईल रिकाम्या खोलीत तसाच चालू राहिला होता. अ‍ॅपनं तेही तपासलं. "उत्तम. एकही दोष नाही."

सुबराव हरखला.

बुवा मिरजेला गेले. इकडे अ‍ॅपनं विचारलं, "गवळण कशासारखी करू? नमुना द्या."

सुबरावनं एकही दोष नसलेला नमुना दिला. रिकाम्या खोलीचा.

"झालं. मूळ गाणं ठेवू का?"

"दोष कशाला ठेवायचे?" असं म्हणून सुबरावनं ते पुसून टाकलं.

बुवा परतले. गळ्याला पट्टी, आवाज गेलेला. गवळण ऐकायला सगळं गाव देवळात जमलं. सुबरावनं स्पीकर लावला, बटण दाबलं.

गाव ऐकत राहिलं.

"अरे, बुवा कुठायत?" काकींनी विचारलं.

"हेच बुवा, काकी. फक्त दोष काढलेत."

बुवांनी काडकन कपाळावर हात मारला. अ‍ॅपनं तेवढं मात्र टिपलं आणि तपासलं. सुबरावनं मोबाईलकडे पाहिलं आणि हात जोडले.

"बुवा, देवळातला पंखा चालू राहिला. बंद करतो. परत मारा."