न आलेलं टोपडं

"मग माझं चुकतं कुठं, तेवढं सांगा की, अक्का."

नीलव्वा अक्का मठाच्या पायरीवर पाय चेपत बसल्या होत्या. चार महिने दुसऱ्या मठात राहून त्या आजच परतल्या होत्या. आल्या आल्या दारात तान्ह्या लेकरांची रांग दिसली. रांग सरेपर्यंत त्या थांबल्या आणि सुगलाला एवढंच म्हणाल्या, की हे बंद कर.

सुगला त्यांची शिष्या. मूल होईना म्हणून नवऱ्यानं टाकलेली, अक्कांनी ठेवून घेतलेली.

अक्कांच्या माघारी कुणी बाई रडकं पोर घेऊन आली. सुगलानं सहाणेवर मुरडशेंगेचे दोन वळसे उगाळून चाटवले आणि पोर निजलं. झालं, गावोगाव बोलबाला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं न पिकलेलंच खपू लागलं.

ताप आला तर काय, दूध ओकलं तर काय, सगळं ती सांगू लागली. सांगताना बाळ तिच्या मांडीवर असायचं. सांगणं संपलं की आई ते उचलून न्यायची. म्हणून सुगलाचं सांगणं लांबत जायचं.

"चुकतं म्हणता, मग ही बघा," ती म्हणाली.

ओसरीतल्या दोरीवर टोपडी बांधलेली होती. पोर बरं झालं की आईनं त्याचं टोपडं मठात आणून बांधायचं, ही तिथली जुनी रीत. दोरीला पार झोळ आला होता.

अक्कांनी पाहिलं. थोड्या हसल्याही.

"छान आहेत. आणि ज्यांनी बांधलं नाही, त्या?"

"विसरल्या असतील."

"आई विसरती?"



मग सुगलानं महानंदाचं नाव काढलं. एसटीनं आली होती, कुशीत एवढीशी मुलगी, अंग नुसतं फणफणलेलं. तालुक्याला डॉक्टरकडं नेऊ का, असं तिनं पुन्हा पुन्हा विचारलं होतं. सुगलानंच अडवलं. एवढ्याशा जिवाला सुई कशाला टोचतेस, घुटी दे, उतरेल. मुलीनं सुगलाचं बोट धरलं होतं, ते सोडेना.

त्या मुलीचं टोपडं आलं नाही. गाव कोणतं, तेही सुगलानं विचारलं नव्हतं. तेव्हापासून एसटीचा हॉर्न वाजला की ती हातातलं काम टाकून फाटकाशी जायची.

"नुसती दिसली तरी पुरे हो, अक्का," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

तेवढ्यात फाटकातून एक तरणी बाई आत आली. पदराखाली तान्हं. सकाळपासून ते अंगावर पीत नव्हतं, निपचित पडून होतं. दवाखाना लांब आहे, ती म्हणाली, तुम्हीच सांगा काय ते, तुम्ही म्हणाल तसं करते. आणि तिनं बाळ पुढं केलं.

सुगलाचे हात आपसूक पुढं गेले. ते ऊबदार ओझं तिला हवं होतं, खोटं कशाला बोला.

अक्का त्या हातांकडं बघत होत्या.

हात तसेच हवेत राहिले...

"मला कळत नाही गं," सुगला म्हणाली. "मला यातलं काही कळत नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं ने."

बाईचा चेहरा उतरला. मठातून विन्मुख जायचं का, असं पुटपुटली. सुगलानं तिला बोलू दिलं नाही. रस्त्यावर आडवी जाऊन डेअरीचा टेम्पो थांबवला, बाईला पुढं बसवलं, आणि थेट दवाखान्याच्या दारात सोड, म्हणून ड्रायव्हरला हात जोडले. बाळाला मात्र तिनं शिवून पाहिलं नाही. एकदा घेतलं असतं तर सोडवलं नसतं.

टेम्पो वळणाआड गेला. ती परत येऊन पायरीशी बसली.

"ते वाचेल ना, अक्का?"

"मला कसं कळंल?"

"आणि महानंदाची..."

अक्कांनी टोपड्यांच्या दोरीकडं पाहिलं.

शेवटी सुगला अक्कांच्या पायांवर वाकली.

अक्कांनी पाय मागं घेतले. तिची हनुवटी धरून तिचं तोंड रिकाम्या रस्त्याकडं वळवलं.

"माझ्या नको," त्या म्हणाल्या. "जी परत आली नाही, तिच्या पाया पड."