डोलकाठीखालचं चुंबक

“काचेच्या पेटीत ठेवायला काय हरकत आहे, चाचा?”

श्रीरंगने मोडकी होडी दाऊदचाचांसमोर ठेवली. हातभर लांबीची, सागवानी. डोलकाठी मधोमध तुटलेली. अंध मुलींच्या शाळेसाठी त्याने ती चार महिने खपून केली होती. आज ती तिसऱ्यांदा मोडून परत आली होती.

दाऊदचाचांनी उभा जन्म दाभोळच्या खाडीवर मोठ्या होड्या बांधल्या. गुडघे गेल्यावर ते छोट्या होड्या करू लागले, आणि श्रीरंग त्यांच्याकडे शिकू लागला.

“पेटीत ठेवली तर मुली बघतील कशा?”

“मग हात नीट लावायला शिकवा त्यांना.” श्रीरंग शाळेच्या मेहेंदळेबाईंकडे वळला.

“शिकवलंत की तुम्ही,” मेहेंदळेबाई म्हणाल्या. होडी घेऊन त्याच आल्या होत्या. “काठी हिच्या हातून मोडली, तर सगळ्या वर्गासमोर हिच्यावर ओरडलात. आठ दिवस झाले, ही कशालाच हात लावत नाही. जिन्याचा कठडासुद्धा धरत नाही.”

त्यांच्या शेजारी बारा वर्षांची कस्तुरी उभी होती. दोन्ही हात पाठीमागे.

“आणि माझे चार महिने?” श्रीरंग म्हणाला. “त्याचं कुणालाच काही नाही.”

चाचांनी तुटक्या काठीवरून अंगठा फिरवला.

“कशानं चिकटवली होतीस?”

“सगळ्यात पक्क्या गोंदानं. बुंधा अजून हललेला नाही.”

“हं. बुंधा हलला नाही, म्हणून काठी मोडली.”

त्यांनी ड्रिल उचललं आणि बुंधा होता तिथेच भोक पाडलं. श्रीरंग ताडकन उठला.

“मला विचारायचं तरी.”

…

चाचांनी मसुराच्या डाळीएवढं एक चुंबक भोकात गोंदाने बसवलं, दुसरं नव्या काठीच्या बुडाला. बाजू आधी तपासून घेतल्या. उलटं बसलं असतं, तर काठी उभीच राहिली नसती.

“एवढ्याशा चुंबकावर?” श्रीरंग म्हणाला. “नुसता धक्का लागला तरी निघेल.”

“निघेल.”

“मग ही काय कारागिरी झाली? असलं निसटतं काम शिकायला आलो मी तुमच्याकडे?”

चाचांनी जुनं शीड नव्या काठीवर चढवलं. गोंद वाळू दिला.

“ये पोरी.”

कस्तुरी हलली नाही. चाचांनी पुन्हा हाक मारली नाही.

…

बऱ्याच वेळाने एक हात पुढे आला. होडीच्या पुढच्या टोकाची नाळ चाचपली, कड चाचपली, मग शीड. बोट शिडात अडकलं आणि डोलकाठी तिच्या हातात आली.

ती जागच्या जागी ताठ झाली. “मी मुद्दाम नाही…”

“मोडली नाही. जागेजवळ ने फक्त. घट्ट धरू नको.”

टक्.

काठी उभी राहिली.

तिने ती काढली, पुन्हा लावली. पुन्हा काढली. मग दुसराही हात पुढे आला.

“चाचा, वारा इकडून आला तर शीड कुणीकडं फिरवायचं?”

“बघा,” श्रीरंगचा आवाज संतापाने चिरकला. “एक काठी जागेवर राहू देत नाही. खेळणं करून टाकलंत तुम्ही माझ्या होडीचं.”

चाचा कस्तुरीच्या बोटांकडे बघत होते.

“आजवर किनाऱ्यावरच होती, श्रीरंग. आत्ता पाण्यात उतरली.”