बस्त्यावची हाक

आधीच सांगून टाकते, देवाच्या बाबतीत मी जरा ढ बाई. लग्न होऊन तिवरपाड्याला आले तेव्हा मला वाटायचं, कृपा म्हणजे पापड. जितके जास्त लाटाल तितका डबा भरेल. म्हणून ईस्टरच्या आधी कडक उपास धरायचे आणि आरशात बघायचे, चेहऱ्यावर काही तेजबिज आलंय का. तेज नाही आलं, पित्त आलं. मग सासूबाईंनी मला बस्त्याव नावाड्याची गोष्ट सांगितली. तशीच्या तशी सांगते. भर घातलेली वाटली तर ती त्यांची.

फार फार वर्षं झाली, खाडीवर पूल नव्हता. या काठाला आमचं चर्च आणि घरं, त्या काठाला खारजमीन, आणि मध्ये बस्त्यावची होडी. मिस्सेच्या प्रार्थनेला येणारा असो की बाजाराला, बस्त्याव कुणाकडून काही घेत नसे. कुणी केळ्यांचा घड पुढे केला तर म्हणायचा, "भरती माझी नाही, वारा माझा नाही. मी कशाचं घेऊ? बस." पोटापुरती मासळी त्याच्या जाळ्यात आपणहून यायची, असं म्हणतात.

त्याला एकच धाकटा भाऊ, इंत्रूज. एका पावसाळ्यात बस्त्यावची बायको रेमेत बाळंतपणात अडली. सुईण राहायची पलीकडे. रेमेत बस्त्यावचा हात सोडेना, म्हणून त्याने होडी देऊन इंत्रूजला पिटाळलं. इंत्रूज गेला. पण त्या काठावर ताडीचा अड्डा होता. एक घोट घेतो आणि जातो, म्हणाला. सुईण आली तेव्हा घरातलं रडणंसुद्धा संपलं होतं.

रेमेतला आणि बाळाला माती दिली, त्याच दिवशी इंत्रूज पलीकडे जाऊन राहिला तो परतलाच नाही. बरेच दिवस गेले. मग एका सकाळी त्याने होडी त्या काठाला लावली.

"इंत्रूज, चल घरी. भात टाकलाय."

इंत्रूज गुडघाभर चिखलात उभा. "आधी मला मार, दादा."

"नाही मारत."

"मग शिव्या तरी दे."

"माझ्याकडे होडी आहे, बाबा. तेवढीच आहे. बस."

"असा फुकट नाही बसणार. माझ्या पायांनी येईन."

आणि त्याने बांध घालायला घेतला. आम्ही खारजमिनीची माणसं, पाणी दिसलं की बांध घालणार, ते हाडातच आहे. ओहोटी लागली की इंत्रूज दगड वाहायचा, चर्चच्या दिशेने रचायचा. भरती आली की निम्मे घेऊन जायची. पुन्हा ओहोटी, पुन्हा दगड. असं म्हणतात, वाहून वाहून त्याच्या पाठीला कालवं धरली, खडकाला धरतात तशी.

आणि बस्त्याव रोज शेवटच्या फेरीला त्या काठाशी थांबून हाक मारायचा, "आणखी कोणी आहे का?" नाव घेत नसे. धाकट्याला चारचौघांत कशाला लाजवायचं? बसायची फळी तेवढी हाताने पुसून ठेवायचा.

एका ईस्टरला त्याचा धीर सुटला. चर्चच्या घंटा वाजत होत्या. त्याने इंत्रूजला कवेत उचललं, होडीत टाकलं आणि वल्हं मारलं. भरती काठोकाठ, वारा पाठीशी, आणि होडी हलेना. जोर लावला तर वल्हं मोडलं. होडी जशी काय पाण्यात रुजलेली. इंत्रूज उतरला मात्र, पिसासारखी सुटली. रेमेत गेली तेव्हा बस्त्याव रडला नव्हता, तो त्या दिवशी रडला.

सासूबाई इथे थांबायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "देव सगळं देतो गं. आपली मूठ तेवढी तो उघडत नाही."

दोघं म्हातारे झाले. बांध लांबत गेला, बस्त्यावचे हात आखडत गेले. धुक्याच्या दिवसांत एका पहाटे तो होडीशेजारी निजल्यासारखा सापडला. लोक त्याला उचलतायत तोवर होडी आपोआप सुटली. वल्हवायला कुणी नाही, तरी भरती कापत गेली आणि बांधाच्या टोकाशी थांबली. धुक्यातून हाक आली, बस्त्यावच्याच आवाजात, असं म्हणतात. मग धुकं असं दाटलं की आपला हात आपल्याला दिसेना. उठलं तेव्हा होडी नव्हती आणि इंत्रूजही नव्हता. बांधाच्या टोकाला एक दगड होता, रचलेला नाही, नुसता खाली ठेवलेला. इंत्रूज होडीत बसला, बुडाला, की कुठे निघून गेला, कुणीच पाहिलं नाही.

आता पूल झालाय, रिक्षा धावतात. ओहोटीला बांध अजून दिसतो, चर्चच्या थोडा अलीकडे तुटलेला. आणि ईस्टरच्या सकाळी गावाची होडी पलीकडे जाते. एक फळी पुसून रिकामी ठेवतात. नावाडी काठाकडे तोंड करून हाक मारतो आणि थांबतो. ती होडी परतल्याशिवाय फादर मिस्सा सुरू करत नाहीत.

गेल्या ईस्टरला मीही होडीत होते. नावाडी पेद्रूकाकांनी हाक मारली आणि वल्हं मांडीवर घेऊन बसले. बराच वेळ गेला. मला राहवेना. म्हटलं, "काका, इतक्या वर्षांत कधी कुणी ओ दिली का हो?"

काकांनी काठावरची नजर हलवली नाही.

"आत्ता दिली असेल," ते म्हणाले. "तू बोलत होतीस, बाय."